डॅम्पिंग लावल्यावर कोणाचा सॉलिटॉन कसा वागतो: केडीव्ही की एनएलएस?

सॉलिटॉन म्हणजे आकार न बदलता पुढे जाणारी एकटी लाट; केडीव्ही (कॉर्टवेग–डी व्रीस) आणि एनएलएस (नॉनलिनियर श्रोडिंगर) ही ती देणारी दोन समीकरणं. दोन्हीकडे मूळ खेळ एकच, डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबीचे भाग वेगवेगळ्या वेगाने जाणं) लाट पसरवतं आणि नॉनलिनियरिटी (लाटेच्या उंचीनुसार बदलणारा परिणाम) तिला आवळून धरते, पण थोडं डॅम्पिंग, म्हणजे ऊर्जेची गळती, टाकलं की खरा फरक दिसतो. केडीव्ही म्हणजे उथळ पाण्याचं समीकरण (1895), त्यात उंची, रुंदी, वेग सगळं एकमेकांना बांधलेलं, त्यामुळे उंची घटली की सॉलिटॉन रुंद तर होतोच वर स्लोही होतो. साधी छोटी लाट e^(−γt) ने विरते (γ डॅम्पिंगचा दर, t वेळ) तर ह्याची उंची e^(−4γt/3) ने, म्हणजे जास्त फास्ट! आणि मागे एक लांबलचक उथळ शेपूट सोडतो, तेही उणं, म्हणजे पाण्याच्या पातळीखालचं, कारण सॉलिटॉनचं वस्तुमान (लाटेखालचं क्षेत्रफळ) एकूण वस्तुमानापेक्षा हळू घटतं आणि हिशोब कुठेतरी जुळायला हवा ना.

एनएलएसमध्ये, म्हणजे ऑप्टिकल फायबरवाल्यात, वेगाचा उंचीशी संबंधच नाही, तो तसाच राहतो. साधी लाट e^(−Γt) ने विरते (Γ इथला डॅम्पिंगचा दर) तर सॉलिटॉनची उंची e^(−2Γt) ने, रुंदी तेवढ्याच पटीत वाढते, उंची आणि रुंदीचा गुणाकार कायम. शेपटीची भानगड जवळजवळ नाही.

अर्थात हे सगळं डॅम्पिंग अगदी कमी असेल तरच हां. मला विचाराल तर शिकायला एनएलएस सोपं, पण मजा केडीव्हीच्या शेपटीत आहे.