ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: प्रदूषण खटल्याचं समन्स पडताळायला कितपत कामाचं?

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फौजदारी खटल्याचं समन्स कारखान्यात आलं की दोन प्रश्न पडतात: हे खरं आहे का, आणि नियमाप्रमाणे आहे का? पहिल्याचं उत्तर हे मोफत ॲप दोन मिनिटांत देतं. दुसऱ्याचं अर्धंच. पाचपैकी साडेतीन.

समन्सवरचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकायचा. शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. तो नसेल तर न्यायालय निवडून आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) किंवा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) क्रमांकाने शोधा. पक्षकाराच्या नावाने शोधणं शेवटचा उपाय, कारण स्पेलिंग जसं टाइप झालंय तसंच लागतं. काहीच सापडलं नाही म्हणून कागद बनावट समजू नका. हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायद्याखालची बरीच प्रकरणं १ एप्रिल २०२४ पासून दंडासाठी निवाडा अधिकाऱ्याकडे जातात. त्यांची नोटीस म्हणजे न्यायालयाचं समन्स नव्हे, ती इथे दिसणारच नाही.

ॲपची खरी किंमत केस हिस्टरीत आहे. आधी फाइलिंगची तारीख बघा. फिर्याद १ जुलै २०२४ पासून पुढची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २२३ लागतं: आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांना दखल घेता येत नाही. म्हणजे प्रोसेसच्या, अर्थात आरोपीला समन्स काढायच्या हुकुमाच्या, आधी नोटीस निघालेली दिसायला हवी. तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवसाची नोंद उघडते. पहिल्याच तारखेला ‘इश्यू प्रोसेस’ आणि मध्ये नोटीस नाहीच, असं दिसलं तर मुद्दा दमदार आहे. फिर्याद त्याआधीची असेल तर जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, तिथे हा मुद्दा चालत नाही.

मग आरोपींची नावं. जल कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे कंपनीचा गुन्हा असेल तर कंपनीही आरोपी हवी. यादीत नुसतं ‘मॅनेजर, अमुक केमिकल्स’ असेल तर थांबून वाचा. पण हुरळून जाऊ नका. उत्तर प्रदेश प्रदूषण मंडळ विरुद्ध मोदी डिस्टिलरी या १९८७ च्या निकालात कंपनीऐवजी युनिटचं नाव पडलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्त होण्याजोगी तांत्रिक चूक ठरवली. मंडळाने मागितलेली माहिती युनिटनेच दिली नव्हती, हेही तिथे होतं.

इथून पुढे ॲप हात टेकतं. निशाणी १ (मूळ फिर्याद) खालचा प्रोसेसचा हुकूम अपलोड केलेला असेलच असं नाही. नकलेचा अर्ज द्यावाच लागतो. आणि समन्सच्या कागदातले दोष कागदावरच सापडतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६३ प्रमाणे समन्स दोन प्रतींत, पीठासीन किंवा उच्च न्यायालयाने ठरवलेल्या अन्य अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा शिक्का असलेलं हवं. इलेक्ट्रॉनिक असेल तर शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही. लेखी फिर्यादीवरच्या समन्सबरोबर कलम २२७ प्रमाणे फिर्यादीची प्रत हवी. पाकिटातून एकच पान निघालं तर तसं त्याच दिवशी लिहून ठेवा. कंपनीवरची बजावणी कलम ६५ प्रमाणे संचालक, व्यवस्थापक, सचिव किंवा अन्य अधिकाऱ्यावर, नाहीतर त्यांच्या नावे रजिस्टर पोस्टाने. भागीदारी संस्थेत भागीदारावर. गेटवरच्या वॉचमनने पाठीमागे सही ठोकली तर ती बजावणी नीट झालेली नाही. मात्र ती सही न्यायालयाकडे परत जाणाऱ्या प्रतीवर असते, त्यामुळे फाइल बघावी लागते.

हे कागदाचे दोष किती ताणायचे? आमच्या मते फार नाही. समन्स सदोष ठरलं तर नवं निघतं, इतकंच. त्या भरवशावर गैरहजर राहिलात तर वॉरंटची पाळी येऊ शकते. वकीलपत्र दाखल करून हरकत लेखी नोंदवावी आणि कलम २२८ खाली व्यक्तिशः हजेरीतून सूट मागावी.

खटल्याच्या मुळावर येतो तो प्रोसेसच्या हुकुमातला दोष. त्यासाठी त्याच दंडाधिकाऱ्यांकडे हुकूम मागे घ्या म्हणून अर्ज करण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अदालत प्रसाद निकालाने २००४ मध्ये ती वाट बंद केली. सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करायचा, मुदत ९० दिवस. ती समन्स हातात पडल्यापासून नव्हे, हुकुमाच्या तारखेपासून मोजतात. समन्स पोचेपर्यंत ती उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. हुकुमाची ती तारीख हिस्टरीत लगेच दिसते, आधी ती टिपून घ्या.