विंडोज 'डी'मध्ये बसलं तर? ड्राइव्हचं अक्षर सांभाळण्याच्या चार पद्धतींची तुलना

रात्री लॅबमधल्या सगळ्या मशीनवर विंडोज टाकायला लावायचं आणि सकाळी येऊन बघायचं, हा ज्यांचा उद्योग आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. सकाळी सगळी मशीन सुरू झालेली असतात, लॉगिनही होतं. पण त्यातल्या दोन-तीन मशीनवर विंडोज 'सी' सोडून 'डी'मध्ये जाऊन बसलेलं असतं. वरवर काही बिघडलेलं दिसत नाही. बिघडतं ते आठवड्याभराने, जेव्हा 'सी' हाच रस्ता गृहीत धरणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर, बॅकअपची स्क्रिप्ट किंवा प्रिंटरचा इन्स्टॉलर अडून बसतो. चालू विंडोजच्या स्वतःच्या ड्राइव्हचं अक्षर नंतर बदलता येत नाही. डिस्कपार्ट (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, करणारी विंडोजची कमांड) सरळ नकार देतं आणि रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदींतून) जबरदस्ती केली तर मशीन सुरूच होत नाही. म्हणजे पुन्हा फॉरमॅट मारणं आलं.

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे शाळा-कॉलेजांपासून कारखान्यांपर्यंत अनेक जण एकगठ्ठा विंडोज ११ टाकायला बसले आहेत. पद्धत निवडायची वेळ हीच आहे.

आधी रोग समजून घ्या

'सी', 'डी' ही अक्षरं डिस्कवर कुठेही लिहिलेली नसतात. प्रत्येक विंडोज आपापली नोंदवही ठेवतं. रजिस्ट्रीच्या सिस्टिम हाइव्हमध्ये (रजिस्ट्रीच्या एका फाइलमध्ये) 'माउंटेडडिव्हाइसेस' नावाची की, म्हणजे नोंदींचा कप्पा, असते, तिथे कोणत्या पार्टिशनला कोणतं अक्षर हे लिहिलेलं असतं. एमबीआर (पार्टिशन मांडण्याची जुनी पद्धत) डिस्क असेल तर नोंद बारा बाइटची: चार बाइट डिस्कची सही आणि आठ बाइट पार्टिशन कुठून सुरू होतं तो आकडा. जीपीटी (नवी पद्धत) डिस्क असेल तर पार्टिशनचा स्वतःचा ओळख-क्रमांक.

आता विनपीई बघा, म्हणजे विंडोज टाकताना मशीन आधी ज्याच्यावर उठतं ते. तेही एक वेगळं, छोटं विंडोजच आहे. ते मेमरीत 'एक्स' ड्राइव्हवरून चालतं आणि आपली नोंदवही दर वेळी कोरी घेऊन उठतं. समोर जे दिसेल त्याला ते क्रमाने अक्षरं वाटत जातं. त्यामुळे विनपीईमधला 'सी' आणि उद्या सुरू होणाऱ्या विंडोजचा 'सी' यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. माझ्या पाहण्यातल्या गोंधळांपैकी बहुतेकांचं मूळ हे नातं गृहीत धरण्यातच निघालं.

नेहमी भेटणारे प्रसंग तीन. जुन्या बायोस मशीनवर 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' हे छोटं पार्टिशन (विंडोज ७मध्ये १०० एमबी, विंडोज ८मध्ये ३५० एमबी) विनपीईत 'सी' पटकावतं आणि खरं विंडोज 'डी'वर ढकललं जातं. यूईएफआय (बायोसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीच्या) मशीनवर हा प्रकार कमी होतो, कारण ईएफआय पार्टिशनला (बूटच्या फाइली असलेल्या छोट्या भागाला) सहसा अक्षर मिळतच नाही. तिथे दुसरा प्रसंग येतो: डिस्क नवी कोरी असते, तिच्यावर एकही पार्टिशन नसतं, म्हणून ज्या पेनड्राइव्हवरून बूट केलं तोच 'सी' होऊन बसतो. मग तुमची स्क्रिप्ट नव्या पार्टिशनला 'सी' द्यायला जाते आणि ते अक्षर मोकळं नाही असं डिस्कपार्ट सांगतं. तिसरा प्रसंग कार्डरीडर किंवा डीव्हीडी ड्राइव्हने मधलं अक्षर अडवण्याचा.

नेमका कोणता प्रसंग आहे ते अंदाजाने ठरवू नका. विंडोज सेटअपमध्ये शिफ्ट-एफ१०, कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये (नेटवर्कवरची अनेक मशीन एकत्र सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) एफ८ (बूट इमेजमध्ये कमांड प्रॉम्प्टची सोय आधी चालू केलेली हवी), आणि डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क', मग 'लिस्ट व्हॉल्यूम'. आकार आणि लेबल बघितलं की चोर लगेच सापडतो.

उत्तर-फाइल की स्वतःची स्क्रिप्ट

खरी निवड बहुतेकांना या दोघींतच करायची असते, म्हणून इथे जरा थांबतो.

उत्तर-फाइल, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली अनअटेंडची एक्सएमएल. तिच्यात पार्टिशन कशी करायची, कोणाला कोणतं अक्षर द्यायचं हे लिहिता येतं. पण तिची खरी ताकद वेगळीच आहे: विंडोज कुठे टाकायचं हे ती अक्षराने सांगत नाही, डिस्क क्रमांक आणि पार्टिशन क्रमांकाने सांगते. त्यामुळे पेनड्राइव्हने 'सी' घेतला तरी इमेज (विंडोजची तयार प्रत) जाते योग्य जागीच. पार्टिशनचा क्रमांक मात्र नीट मोजा. ईएफआय पहिलं, एमएसआर (विंडोजसाठी राखीव छोटं पार्टिशन) दुसरं, विंडोज तिसरं, असा क्रम ठेवला असेल तर इन्स्टॉलचा क्रमांक ३ हवा. एमएसआरला अक्षर नसतं, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच मोजताना सुटतो.

तिचा धोका डिस्क क्रमांकात आहे. एकाच मशीनमध्ये एनव्हीएमई आणि साटा अशा दोन डिस्क असतील तर शून्य क्रमांक कोणाला मिळेल याची खात्री देता येत नाही. फाइलमध्ये 'डिस्क शून्य पुसून टाक' असं लिहिलेलं असेल आणि शून्य क्रमांकावर वापरणाऱ्याच्या डेटाची डिस्क आली, तर अक्षराचा प्रश्न बाजूलाच राहिला, माणसाची वर्षांची मेहनत गेली. दोन डिस्कच्या मशीनवर मी ठरावीक क्रमांकाची उत्तर-फाइल चालवत नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

स्वतःची स्क्रिप्ट म्हणजे विनपीईत डिस्कपार्टने पार्टिशन, डिझमने इमेज आणि बीसीडीबूटने बूटच्या फाइली. मायक्रोसॉफ्टच्या नमुना स्क्रिप्टमध्ये ईएफआय पार्टिशनला 'एस', विंडोजला 'डब्ल्यू' आणि रिकव्हरीला 'आर' दिलेलं असतं. 'मग विंडोज कायमचं डब्ल्यूमध्येच राहील ना?' असं नवी मुलं हमखास विचारतात. राहत नाही. 'डब्ल्यू' ही विनपीईच्या वहीतली नोंद आहे आणि रीस्टार्ट होताच ती वही संपली. नवं विंडोज उठताना आपल्या ड्राइव्हला 'सी' म्हणतं. वर्णमालेच्या शेवटची अक्षरं घेण्यातलं शहाणपण एवढंच, की पेनड्राइव्ह, कार्डरीडर यांची झटापट 'सी', 'डी', 'ई'भोवती चालते, तिथे आपण जायचंच नाही.

स्क्रिप्टचा दुसरा मोठा फायदा म्हणजे डिस्क विचारपूर्वक निवडता येते. पॉवरशेलने बसचा प्रकार आणि आकार तपासून 'यूएसबी नसलेली, एवढ्या आकाराची एकच डिस्क' शोधायची आणि एकापेक्षा जास्त सापडल्या तर तिथेच थांबायचं. उत्तर-फाइलला एकटीने हे जमत नाही.

स्क्रिप्ट गोत्यात येते ती इमेज स्वतः तयार केलेली असेल तेव्हा. मायक्रोसॉफ्टची मूळ इन्स्टॉल फाइल जनरलाइझ केलेली, म्हणजे एका मशीनच्या खास नोंदी काढून टाकलेली असते. तुम्ही एखाद्या तयार मशीनची इमेज सिसप्रेप या विंडोजच्या साधनाच्या जनरलाइझशिवाय घेतली असेल, तर त्या मशीनची 'माउंटेडडिव्हाइसेस'ची वही इमेजबरोबर येते. नव्या डिस्कची ओळख तिच्याशी जुळत नाही, विंडोज स्वतःला भलतंच अक्षर देतं, आणि 'सी'वर शोधलेलं प्रोफाइल सापडत नाही. लॉगिन केलं की लगेच लॉगआउट किंवा नुसताच काळा पडदा, हे त्याचं लक्षण. विनपीईत परत जा, त्या इमेजचं सिस्टिम हाइव्ह रजिस्ट्रीत लोड करा, 'माउंटेडडिव्हाइसेस'मधल्या नोंदी पुसा, हाइव्ह अनलोड करा आणि मगच रीस्टार्ट. बहुतेक वेळा मशीन एवढ्यावर सरळ होतं. पण एक-दोन मशीन वाचवण्यापुरतंच हे ठेवा. पन्नास मशीनवर हे करत बसण्यापेक्षा इमेज पुन्हा नीट बनवणं स्वस्त पडतं.

कॉन्फिगरेशन मॅनेजर असेल तर

तुमच्याकडे ते आधीपासून चालू असेल तर वेगळी स्क्रिप्ट लिहायची गरज नाही. पार्टिशनच्या पायरीत विंडोजच्या पार्टिशनला एक व्हेरिएबल द्या, बहुतेक जण 'ओएसडिस्क' हेच नाव ठेवतात. मग इमेज लावायच्या पायरीत ठिकाण म्हणून 'व्हेरिएबलमध्ये साठवलेलं अक्षर' हा पर्याय निवडा. पार्टिशनला त्या क्षणी कोणतंही अक्षर मिळो, इमेज तिथेच जाते. 'पुढचं मोकळं फॉरमॅट केलेलं पार्टिशन' हा पर्याय मी टाळतो. डिस्कची मांडणी जरा बदलली की तो दुसरीकडेच बोट दाखवतो.

विंडोज ७च्या काळात मूळ इन्स्टॉल फाइल अशी लावली की विंडोज हटकून 'डी'मध्ये जायचं, कारण इमेजमध्ये नोंदवलेलं अक्षरच पाळलं जायचं. तेव्हा 'ओएसडीप्रिझर्व्हड्राइव्हलेटर' हे व्हेरिएबल 'फॉल्स' करणं हा उपाय होता. जुन्या टास्क सिक्वेन्समध्ये (इन्स्टॉलच्या पायऱ्यांच्या यादीत) ते अजून सापडतं. आता ते कालबाह्य ठरवलेलं आहे आणि योग्य अक्षर विंडोज सेटअप स्वतः ठरवतं. नव्या सिक्वेन्समध्ये ते घालून प्रश्न सुटेल अशी आशा ठेवू नका.

दुसरी अडचण वेगळ्या प्रकारची. टास्क सिक्वेन्स आपल्या तात्पुरत्या फाइली सगळ्यात जास्त मोकळी जागा असलेल्या ड्राइव्हवर ठेवतो. कोणी यूएसबी हार्डडिस्क लावून ठेवली असेल तर फाइली तिच्यावर जातात, आणि मध्येच कोणी ती काढली तर सगळं कोसळतं. 'एसएमएसटीएसलोकलडेटाड्राइव्ह' हे व्हेरिएबल कलेक्शनवर (मशीनच्या गटावर) आधीच ठरवून ठेवता येतं. काय घडलं ते एसएमएसटीएसच्या लॉगमध्ये मिळतं. विनपीईत असताना तो लॉग 'एक्स'वरच्या विंडोजच्या टेंप फोल्डरमध्ये असतो.

एमडीटीमध्येही (मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिटमध्येही) व्हेरिएबलची हीच युक्ती चालते. पण त्याची ८४५६ ही आवृत्ती २०१९ची आहे आणि विंडोज ११साठी त्याला अधिकृत पाठबळ नाही. चालू असेल तर चालू द्या, नवी मांडणी त्यावर उभारू नका.

नंतर दुरुस्त करणं

विंडोज बसल्यावर, पहिल्या लॉगिनच्या आधी स्क्रिप्ट चालवून अक्षरं बदलायची, ही चौथी वाट. डीव्हीडीने 'डी' घेतला आणि डेटाचं पार्टिशन 'ई' झालं, एवढ्याच तक्रारीसाठी ती उत्तम आहे: डीव्हीडीला 'झेड' द्या, मग डेटाला 'डी'. पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) त्या डेटा ड्राइव्हवर असेल तर अक्षर बदलू देणार नाही, ती आधी हलवा. विंडोजच्या स्वतःच्या ड्राइव्हसाठी ही वाट बंदच आहे.

मग काय निवडाल?

एकाच मॉडेलची, एकेक डिस्कची मशीन असतील आणि पेनड्राइव्हवरून काम करायचं असेल तर उत्तर-फाइल. सगळ्यात कमी हलणारे भाग तिच्यात आहेत. मशीन सरमिसळ असतील, दोन-दोन डिस्क असतील तर स्क्रिप्ट, तिला दुसरा पर्याय मला दिसत नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजर असेल तर व्हेरिएबल. डेटा ड्राइव्हचं अक्षर सगळीकडे एकसारखं हवं असेल तर या तिन्हींपैकी कशाच्याही मागे चौथी जोडता येते.

निवडलेली पद्धत सगळ्या लॅबवर सोडण्याआधी एकाच मशीनवर तीनदा चालवा: एकदा डिस्क पूर्ण कोरी करून, एकदा जुनं विंडोज तसंच ठेवून, आणि एकदा जास्तीचा पेनड्राइव्ह मुद्दाम मागे लावून. पेनड्राइव्हच्या फेरीआधी त्याच्यावरचा डेटा काढून ठेवा.