मोनोबॉन्ड एच (Etch) ॲण्ड प्राइम : दीड वर्ष वापरल्यावर

कराडला माझा दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना आहे. काच असलेल्या सिरॅमिकची कॅप दातावर बसवायची म्हणजे ती घट्ट चिकटावी म्हणून आतली बाजू खरबरीत करायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावणं आलंच. आम्ही नुसतं एचएफ म्हणतो. काही वर्षांपूर्वी एकदा ग्लोव्हला बारीकसं भोक होतं, कळलंच नाही. तेव्हा बोटाला काही झालं नाही. रात्री जेवायला बसले आणि नखाखाली असा ठणका सुरू झाला की घास खाली ठेवला. हे ॲसिड लगेच चटका देत नाही. आत झिरपतं आणि कॅल्शियमला धरतं. तेव्हापासून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असतं आणि एचएफची सिरिंज मी असिस्टंटच्या हातात देत नाही.

म्हणून एचएफऐवजी ही मोनोबॉन्डची बाटली मागवली. इव्होक्लार कंपनीची, ५ ग्रॅमची, आत हिरवट द्रव. खरबरीत करणारं अमोनियम पॉलीफ्लोराइड आणि सिरॅमिकला सिमेंटशी जोडणारं सायलेन एकत्रच. २० सेकंद ब्रशनं घासायचं, ४० सेकंद तसंच ठेवायचं, धुवायचं, वाळवायचं. पूर्वी ई.मॅक्सला (हे काच असलेलंच एक मजबूत सिरॅमिक) ५ टक्के एचएफ २० सेकंद, मग धुणं, उरलेले क्षार काढणं, मग सायलेन ६० सेकंद. तोवर तोंडात कापसाचे बोळे धरून बसलेले काका डोळ्यांनीच विचारायचे, अजून किती? शिवाय तोंडात कॅप बसवून बघताना लागलेली लाळ या घासण्यातच निघते. मला हे सगळ्यात आवडलं.

एक कुरकुर आहे. एचएफनंतर कॅप आतून खडूसारखी पांढरी दिसते. तो पांढरेपणा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. इथं कॅप जवळजवळ होती तशीच दिसते, त्यामुळे भरवसा घड्याळावर. आणि घासायचं म्हणजे खरंच घासायचं. आमची असिस्टंट मुलगी पहिल्या आठवड्यात थेंब टेकवून मोकळी व्हायची. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एचएफइतकी खोल झीज हे करत नाही. ई.मॅक्सच्या कॅपा आणि ऑनले (दाताचा काही भागच झाकणारे तुकडे) दीड वर्षात एकही निघून आली नाही, पण फेल्डस्पॅथिक, म्हणजे जास्त काचेच्या सिरॅमिकच्या, पातळ व्हेनिअरला (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पापुद्र्याला) मी अजून एचएफच लावते, ६० सेकंद. जुनी सवय म्हणा.

झिरकोनिया या दुसऱ्या प्रकारच्या सिरॅमिकला मात्र ही बाटली काढूच नका. त्यात काचच नसते, ॲसिड खाणार काय? तिथं सँडब्लास्टरनं कमी दाबानं ५० मायक्रॉनची ॲल्युमिनाची पूड मारायची आणि एमडीपीचा (झिरकोनियाला धरणाऱ्या रसायनाचा) प्राइमर लावायचा. गेल्या महिन्यात लॅबच्या चिठ्ठीवर नुसतं 'सिरॅमिक क्राउन' लिहिलेलं. ब्रश हिरव्यात बुडवलेला, तेवढ्यात शंका आली म्हणून फोन लावला. "मॅडम, झिरकोनिया आहे ती." ब्रश टाकला आणि सँडब्लास्टर बाहेर काढला.