जुन्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डचा कार्बोरेटर: दुरुस्तीनंतर एका हंगामाचा अनुभव

देवबागजवळ कर्ली खाडीत फिरणाऱ्या आमच्या फायबर होडीवर १५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे आणि एकाच कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणारे जपानी बनावटीचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले मशीन आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा कार्बोरेटर पूर्ण उघडून, बाजारात मिळणारे दुरुस्ती किट घालून तो पुन्हा जुळवला आणि नारळी पौर्णिमेपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मशीन तसेच वापरले. त्यामुळे पुढील मजकूर किटइतकाच त्या जुळवणीविषयीही आहे.

दुरुस्तीआधी मशीन दोरी ओढताच सुरू होई, पण चोक (सुरू करताना हवा कमी करणारी झडप) आत ढकलला की बंद पडे. स्लोला (सर्वात कमी वेगाला) गिअर टाकल्यावर कार्बोरेटरच्या तोंडातून शिंकल्यासारखा फटका येई आणि रेस एकदम दिली तर मशीन दम कोंडल्यासारखे खाली बसे. ही सगळी लक्षणे पेट्रोल कमी पडत असल्याची, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झाल्याची आहेत. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूकडे जातो. माझ्या मते त्याचा क्रम शेवटचा असावा. मशीन बसत असताना नळीवरचा रबरी बल्ब दाबून पाहावा. बल्ब दाबल्यावर मशीन सावरले, तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडे असण्याची शक्यता अधिक: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला, जोडणीतली रबरी रिंग कडक होऊन हवा ओढणारी, किंवा इंधनपंपाचा पडदा ताठरलेला. आमचे मशीन बल्ब दाबूनही सावरत नव्हते, म्हणून कार्बोरेटर खाली उतरवला.

कार्बोरेटरखालची पेट्रोल साठवणारी वाटी उघडली तेव्हा तळाशी पेट्रोलखाली पाण्याचे टपोरे थेंब वेगळे दिसत होते आणि त्यांच्याखालचा धातू खडूसारख्या पांढऱ्या भुकटीने खरवडल्यासारखा झाला होता. स्लोचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी नळकांडे) उजेडाकडे धरले, तर भोक गोल दिसण्याऐवजी चंद्रकोरीसारखे दिसले. उरलेला भाग हिरवट-तपकिरी चिकट थराने बुजलेला होता. असे जेट तारेने टोकरू नये, कारण पितळ मऊ असते आणि भोक किंचित जरी मोठे झाले तरी पुढची सगळी जुळवणी चुकते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून, दाबाच्या हवेने प्रत्येक वाट दोन्ही बाजूंनी फुंकावी आणि हवा पलीकडून खरोखर बाहेर येते का, हे बोट लावून तपासावे. हवा मारण्याआधी सगळे रबरी भाग काढून ठेवावेत आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

किटमध्ये वाटीचे गॅस्केट (सांधा बंद करणारे रबर), नीडल व सीट (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक), फ्लोट (पेट्रोलवर तरंगून ती सुई चालवणारा भाग), ओ-रिंगा आणि पंपाचे पडदे होते. नीडल, सीट आणि पडदे यांबद्दल हंगामभर तक्रार नाही. गॅस्केट मात्र दिवाळीनंतर उघडून पाहिले तेव्हा फुगून खाचेबाहेर आले होते, आणि ते पुन्हा बसेना, म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे दुसरे घालावे लागले. किटमधला फ्लोटही जसाच्या तसा बसवण्याजोगा नव्हता. कार्बोरेटर उलटा धरल्यावर तो मॅन्युअलमधल्या मापाला यायला हवा, पण तो एका बाजूला कललेला होता. त्याची पितळी जीभ अगदी हलक्या हाताने वाकवून माप जुळवले. फ्लोटची पातळी खाली राहिली तर भर वेगात पेट्रोल कमी पडते आणि वर राहिली तर ते ओसंडते. हा दोष बाहेरच्या कोणत्याही स्क्रूने झाकता येत नाही.

स्लोचा स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण आत बसवून सुमारे सव्वा फेरा बाहेर घेतला. तो पेट्रोल नियंत्रित करणारा असेल तर आत घेतल्याने मिश्रण लीन होते आणि हवा नियंत्रित करणारा असेल तर उलट, त्यामुळे आपल्या मशीनचा प्रकार मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. खरी जुळवणी किनाऱ्यावर पिंपात होत नाही. मशीन गरम करून, होडी पाण्यात बांधून, गिअर पुढे टाकून, पंख्यावर भार असतानाच स्क्रू अष्टमांश फेऱ्याने फिरवावा आणि प्रत्येक वेळी मशीनला स्थिरावायला थोडा वेळ द्यावा. आधी शिंक येईपर्यंत लीन करावे, मग शिंक थांबून रेस स्वच्छ उचलेल इतके मागे यावे आणि वर किंचित पेट्रोल जास्तच ठेवावे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येते, म्हणजे पेट्रोल कमी पडले की पिस्टनला तेलही कमी पडते. स्लोला थोडा धूर परवडतो, जाम झालेला पिस्टन परवडत नाही.

स्लोचा प्रश्न सुटला, तरी भर वेगात स्पार्क प्लगचा रंग कॉफीऐवजी पांढुरका येत राहिला आणि इथे संशय इंधनावर गेला. देशात पेट्रोलमधले इथेनॉल २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आमचे मशीन त्याच्या कितीतरी आधीचे. एक किलो साध्या पेट्रोलला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागते. जेटचे भोक ठरलेले असल्यामुळे कार्बोरेटरला हा बदल कळत नाही, आणि जुन्या जेटवर मशीन आपोआप लीन चालते. खात्रीसाठी मोजपात्रात १०० मिली पेट्रोलमध्ये १० मिली पाणी घालून हलवले. पाण्याचा थर निवळल्यावर तिपटीच्या आसपास गेला, कारण इथेनॉल पाण्यात उतरले होते. त्यानंतर भर वेगाला पेट्रोल देणारे मुख्य जेट एका क्रमांकाने मोठे घातले. प्लगचा रंग सुधारला, पेट्रोल किंचित जास्त लागू लागले आणि त्याची मला खंत नाही.

हंगामभर स्लो टिकली, ती निम्मी किटमुळे आणि निम्मी पेट्रोल हाताळण्याच्या सवयीमुळे. टाकीत आठवड्यापेक्षा जुने पेट्रोल ठेवत नाही, मध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला आहे आणि मशीन काही दिवस बंद राहणार असेल तर वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून ती रिकामी करतो. नळी काढून मशीन पेट्रोल संपेपर्यंत चालवण्याची पद्धत किनाऱ्यावर सर्रास आहे; मला ती पटत नाही, कारण शेवटचे काही क्षण मशीन लीनच चालते आणि वाटीच्या तळाशी पेट्रोल उरतेच.

एक दोष मात्र किटने जाण्यासारखा नव्हता. थ्रॉटलच्या (रेस देणाऱ्या झडपेच्या) शाफ्टची भोके झिजली आहेत आणि तिथून हवा आत जाते. शाफ्टच्या टोकांना जाड ग्रीस लावले की स्लो तेवढ्यापुरती आणखी स्थिर होते, यावरून ते ओळखता येते. आमच्याच धक्क्यावर एकाने असाच दोष असताना स्वस्तातला नवा पर्यायी कार्बोरेटर आणला, पण त्यातील जेटांचे क्रमांक मूळ जेटांशी जुळत नव्हते आणि त्याला ती जुन्या कार्बोरेटरमधून काढून घालावी लागली. म्हणून येत्या पावसाळ्यात, होडी वर ओढलेली असताना, खराद्याकडून शाफ्टला पितळी बुश बसवून घेण्याचे ठरवले आहे.