काउंटर ००० वरच होता

तो व्हिडिओ एक मिनिट दहा सेकंदांचा आहे. काळ्या-चंदेरी रंगाचा मोठा स्टीरिओ टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेटचा टेप एकत्र), खाली पांढरं कापड, कॅसेटच्या खिडकीत फिरणारं चाक आणि खणखणीत आवाजात लागलेलं जुनं हिंदी गाणं. तो बघून मी १६,५०० रुपये पाठवले. ज्याने ते घेतले तो अजूनही असे सेट विकतोय, आणि घरात जुन्या कॅसेटी जपून ठेवलेली माणसं पुष्कळ आहेत, म्हणून झालं ते सगळं सांगतो.

आमचं गाव चिपळूण तालुक्यातलं. मोठा मामा कुवेतला होता. १९८५ साली सुट्टीवर येताना त्याने टू-इन-वन आणला. पुढच्या वर्षीच्या शिमग्यात आमच्या वाडीचं नमन, म्हणजे कोकणातला गाण्या-नाचाचा लोकनाट्याचा खेळ, त्याने अंगणात बसून टेप केला. मृदंगावर माझे बाबा होते. नव्वद मिनिटांची कॅसेट, वर बॉलपेनने लिहिलेलं ‘नमन, शिमगा ८६’. मामाचा सेट जुलै २०२१च्या पुरात चिखलात गेला. कॅसेट आमच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात होती, ती वाचली. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली तेव्हा तो डबा तिने सोबत आणला, आणि एक दिवस म्हणाली, “ही कुठे लागेल का रे?”

म्हणून मी टू-इन-वन शोधायला लागलो. एका ओळखीच्याने मुंबईतल्या एका माणसाचा नंबर दिला. जुने जपानी सेट दुरुस्त करून विकतो, माल चांगला असतो, असं ऐकलं होतं. बोलायला गोड. “दादा, सेट एकदम मेंटेन आहे, फुल सर्व्हिस केलाय. बेल्ट नवीन, हेड नवीन, कंडेन्सर बदललेत. चालू करून व्हिडिओ पाठवतो, बघा आणि मग ठरवा.” व्हिडिओ आला. त्या संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे असंही त्याने सांगितलं. मी ५,००० ॲडव्हान्स टाकले आणि दोन दिवसांनी उरलेले ११,५००. पार्सलचे ९०० वेगळे.

सेट आला तेव्हा आई समोर बसली होती. आधी एखादी बिनकामाची कॅसेट घालून बघायला हवी होती. मी बाबांचीच घातली. प्ले दाबलं. आवाज नाही. व्हॉल्यूम कमी असेल म्हणून वाढवला, टोनची बटणं फिरवली, स्पीकरला कान लावला. यात अर्धा मिनिट सहज गेला असेल. मग वरचा रेडिओ-टेपचा स्विच इकडून तिकडे केला, आणि त्या चाळीस वर्षं जुन्या सेटमधून एका बाईचा आवाज आला, “ब्लूटूथ मोड.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी स्टॉप दाबून झाकण उघडलं, तर कॅसेट बाहेर येईना. रीळ आत रबरी रोलरला गुंडाळली होती, गच्च, करदोट्यासारखी.

हे का झालं ते मला नंतर कळलं. कॅसेट चालताना एक बारीक फिरती दांडी आणि तिला टेकलेला रबरी रोलर मिळून रीळ पुढे ओढतात, आणि त्याच वेळी उजवं चाक आलेली रीळ गुंडाळून घेतं. ते चाक फिरवणारं रबर कडक होऊन घसरायला लागलं की रीळ पुढे येत राहते, पण गुंडाळली जात नाही. मग ती मिळेल तिथे शिरते. नेहमी असं झालं की आवाज लगेच लडबडतो आणि माणूस धावत जाऊन टेप बंद करतो. इथे आवाजच नव्हता, म्हणून मी व्हॉल्यूम चाचपडत बसलो.

कॅसेटची रीळ सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. सुरुवातीची कोरी पट्टी सोडून सव्वा मीटर रीळ चुरगळून फाटली होती. म्हणजे सव्वीस सेकंद.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराजवळ, तपकीर गल्लीजवळच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे सेट नेला. त्यांनी मागचे स्क्रू काढले आणि थोडा वेळ नुसतं आत बघत राहिले. मग टॉर्च माझ्या हातात दिला. “हे हेड बघ. वायरी कापल्यात. याला आवाज येणार कुठून?” हेड म्हणजे रिळेवरचा आवाज वाचणारा भाग. मूळचा ट्रान्सफॉर्मर काढलेला होता. त्याच्या जागी उघडा पॉवर सप्लाय, गरम गोंदाने चिकटवलेला, आणि मेनच्या वायरींचा जोड साध्या सेलोटेपने गुंडाळलेला. शेजारी अंगठ्याएवढं ब्लूटूथचं बोर्ड. मूळचे दोन्ही मोठे स्पीकर गायब, त्या जागी हलक्यातले बसवलेले, भोकं जुळली नाहीत म्हणून एकाच स्क्रूवर लटकलेले. कंडेन्सर सगळे मूळचेच, दोघांची डोकी फुगलेली. जुना बेल्ट वितळून डांबरासारखा चक्रीला चिकटला होता, आणि तो न पुसता त्याच्यावरच दुसरा चढवलेला. नवीन होतं ते फक्त बाहेरचं पॉलिश.

मागच्या पट्टीवर ‘२२० व्होल्ट’ असं छापलेलं स्टिकर होतं. काकांनी ते नखाने उचकटलं. खाली १०० व्होल्ट, आणि सगळा मजकूर जपानी. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते, आपली २३०. तिथल्या बाजारासाठी बनवलेला सेट इथे थेट प्लगला लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. आमच्या सेटचा तसाच कधीतरी जळला असणार, असं काकांचं मत पडलं. एफएमची पट्टीही ७६ ते ९०पर्यंतच, म्हणजे ९१च्या पुढची आपली खासगी स्टेशनं त्यावर लागणारच नाहीत. ही पट्टी विकणाऱ्याने पाठवलेल्या पहिल्याच फोटोत स्वच्छ दिसत होती. मी ती वाचली नव्हती.

घरी येऊन व्हिडिओ पुन्हा लावला. गाणं फोनवरून ब्लूटूथने वाजत होतं. कॅसेटचं चाक फिरत होतं, पण अडखळत, थांबून थांबून. आणि खिडकीशेजारचा तीन आकड्यांचा काउंटर पूर्ण एक मिनिट दहा सेकंद ००० वरच होता. जागचा हलला नाही.

फोन केला. “दादा, जुन्या मालाला गॅरंटी नसते,” एवढं बोलून त्याने ठेवला, आणि त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा नंबर, चॅट, व्हिडिओ सगळं दिलं. पोलीस ठाण्यात सांगितलं की वस्तू तर पोचली आहे, तुम्ही ग्राहक आयोगाकडे जा. तो अर्ज मी केलेला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

कोणी असा सेट घेणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे. चालू सेटचा व्हिडिओ हा पुरावा धरू नका. विकणाऱ्याला म्हणा, कोरी कॅसेट घाल, रेकॉर्डचं बटण दाबून माझं नाव आणि आजची तारीख बोल, मग रिवाइंड करून तेच मला ऐकव, मध्ये कॅमेरा बंद न करता. हेड, मोटर, बेल्ट, रोलर, ॲम्प्लिफायर यातलं एकही गेलेलं असेल तर हे साधत नाही, आणि ब्लूटूथवर ते करून दाखवता येत नाही. काउंटर फिरताना दाखव म्हणा. मागचं झाकण उघडून आतला फोटो मागा, व्होल्टेजच्या पट्टीचा जवळून फोटो मागा, सेलच्या खणाचाही मागा. तिथे हिरवट-पांढरा थर दिसला तर गळलेल्या सेलचं पाणी आत उतरलेलं असू शकतं. खरं काम केलेला कारागीर हे फोटो आपण होऊन पाठवतो, त्याला त्या कामाचा अभिमान असतो. “उघडलं तर सील जाईल” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. चाळीस वर्षांच्या टेपला कसलं सील? आणि सेट घरी आला की स्पिरिटने हेड आणि रोलर पुसा, आधी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण चालवा. आपल्या माणसाचा आवाज असलेली कॅसेट सगळ्यात शेवटी.

काकांनी फाटलेला तुकडा कापून रीळ जोडून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. मग एका मित्राच्या चालू डेकवर ती लावून कॉम्प्युटरवर उतरवली. आता ती गणाच्या, म्हणजे सुरुवातीच्या गणपतीच्या स्तवनाच्या, मधल्या ओळीपासूनच सुरू होते. आई रोज संध्याकाळी ऐकते. ती सांगते, गण म्हणायच्या आधी बाबा मृदंगाच्या पाया पडायचे, दोन्ही बाजूंनी एकेक मोकळी थाप द्यायचे, आणि सगळं अंगण गप्प व्हायचं.

ते कापलेल्या तुकड्यात होतं. तो तुकडा मी पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे.