तामियाचे ॲक्रिलिक रंग: एअरब्रशवाल्यांना सोनं, ब्रशवाल्यांना डोकेदुखी

जपानच्या तामिया या मॉडेल-किट कंपनीचे एक्सएफ मालिकेतले मॅट ॲक्रिलिक रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या अवजाराने) मारायचे असतील, तर १/३५ स्केलच्या रणगाड्याच्या मॉडेलला यापेक्षा बिनतक्रार बेसकोट, म्हणजे मुख्य रंगाचा थर, सापडणं कठीण. तेच रंग ब्रशने लावायला घेतले, तर दुसऱ्या हातालाच बाटली फेकून द्यावीशी वाटते. दोन्हींचं कारण एकच. बाटलीवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलंय म्हणून हा रंग पोस्टर कलरचा भाऊ होत नाही. याचा थिनर अल्कोहोलच्या जातीचा आहे. ओला असताना पाण्याने धुतला जातो, वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोल लागलं की वाळलेला थरही पुन्हा सुटतो. एवढं डोक्यात ठेवलं की या रंगाशी जमतं.

परीक्षणासाठी डोळ्यांसमोर ठेवलाय तो १९४५ चा शर्मन रणगाडा. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या मेइक्टिलावर २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडचे जे शर्मन चालून गेले, त्यांत रॉयल डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या रेजिमेंट होत्या. त्यांच्याकडे शर्मन-५, म्हणजे अमेरिकन एम४ए४. किट घेताना इथेच पहिली चूक होते. एम४ए४ मध्ये क्रायस्लरचं ३० सिलिंडरचं भलंमोठं इंजिन बसवण्यासाठी हल (रणगाड्याचं धड) लांब केलेला आहे, त्यामुळे बोगींमधलं, म्हणजे चाकांच्या जोड्यांमधलं, अंतर नेहमीच्या शर्मनपेक्षा उघड जास्त दिसतं. डब्यावर नुसतं ‘शर्मन’ वाचून एम४ए३ उचलला, तर रंग कितीही झकास बसू दे, जाणकार बोगींकडे बघूनच हसेल.

आता रंग. ऑलिव्ह ड्रॅब या मातकट लष्करी हिरव्यासाठी तामियाचा क्रमांक एक्सएफ-६२. बाटलीतून थेट मारला तर मॉडेलवर गडद दिसतो, आणि त्यावर वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि फिल्टर (छटा बदलणारा पातळ थर) चढले की रणगाडा जवळजवळ काळा होतो. ६ मीटर लांबीची गाडी १७ सेंटिमीटरमध्ये बघताना रंग थोडा उजळच लागतो. म्हणून बेसलाच ५ भाग एक्सएफ-६२ आणि १ भाग एक्सएफ-६० (डार्क यलो). टरेटचं (तोफेच्या फिरत्या बुरुजाचं) छत, इंजिन डेक, फेंडर अशा आकाशाकडे तोंड असलेल्या भागांसाठी याच मिश्रणात एक्सएफ-५७ (बफ) थोडा थोडा वाढवत न्यायचा. उजळवण्यासाठी पांढरा टाकायचा मोह होतो, तो आवरा. पांढऱ्याने ऑलिव्ह ड्रॅब पिठूळ आणि निळसर होतो, उन्हाने विटलेला दिसत नाही.

पातळ करण्याचं प्रमाण हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बेसकोटला १ भाग रंग आणि १ ते दीड भाग एक्स-२०ए थिनर, ०.३ मिमी नोझल, हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय, आणि नोझल मॉडेलपासून ८-१० सेंटिमीटरवर. पॅनेलच्या मधोमध उजळ ठिपके मारायचे असतील तर १ भागाला ३-४ भाग थिनर घ्या, दाब ८-१० पीएसआयवर आणा आणि हात जवळ न्या. हीच या रंगाची खरी ताकद: एवढा पातळ करूनही तो फाटत नाही, थेंब थेंब होऊन जमत नाही, कपात शेवटपर्यंत नीट वाहतो. व्हॅलेहो या दुसऱ्या कंपनीचं मॉडेल एअर (पाण्याचं ॲक्रिलिक) एवढं पातळ केलं की पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरतं आणि मधूनच नोझलच्या टोकाला वाळून बसतं. तामियात सुई पुसायला थांबावं लागतं, पण क्वचित.

एक्स-२०ए ऐवजी मिस्टर हॉबीचा मिस्टर लेव्हलिंग थिनर हा लॅकर थिनर वापरला तर थर आणखी गुळगुळीत बसतो आणि प्लास्टिकला घट्ट धरतो. वास मात्र उग्र. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि उघडी खिडकी हवीच. ‘ॲक्रिलिक आहे, चालतं’ म्हणून नाकावर रुमाल बांधून बसणारे बरेच दिसतात. त्या रुमालाचा उपयोग शून्य.

थिनर संपला आणि कुरियरचा पत्ता नाही, अशा वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) चालतं. इलेक्ट्रॉनिक्स साफ करायला मिळतं ते ९९ टक्क्यांचं घ्या. हात धुवायचं सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी आणि बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, आणि ग्लिसरीनमुळे रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. नुसत्या आयपीएने रंग फार झटकन वाळतो, थर खरखरीत येतो. मॉडेलवर धुळीचा रंग मारायला ते सोयीचं, बेसकोटला नाही.

ब्रशचं दुखणं वर सांगितलंच. पहिला हात अर्धवट वाळला असताना त्यावरून पुन्हा ब्रश फिरवला की नव्या हातातलं अल्कोहोल खालचा थर उचलतं, गोळे होतात, मध्येच प्राइमर (रंगाखालचा पकड देणारा थर) उघडा पडतो. तामियाचा पेंट रिटार्डर दोन-तीन थेंब घालून, रुंद सपाट ब्रशने एका दिशेने एकच हात मारून, पूर्ण वाळेपर्यंत हात न लावणं हा एक मार्ग आहे. पण कुदळीचा दांडा, फावडं, टो केबल, क्रूच्या गणवेशासाठी इतका आटापिटा कशाला? तिथे सरळ व्हॅलेहो मॉडेल कलर घ्यावा. तो पाण्याचा असल्याने खालच्या तामियाला धक्का लावत नाही. फक्त हे दोन रंग एकाच कपात कधीही भेटू देऊ नका. व्हॅलेहोत अल्कोहोल पडलं की रबरासारखा लगदा होतो आणि तो नोझलमधून काढताना सुईचं टोक वाकतं. आधी व्हॅलेहो मारला असेल तर एअरब्रश पाण्याने धुवा, मगच तामिया भरा.

प्राइमर हवा का? तामिया नुसत्या प्लास्टिकवरही बऱ्यापैकी बसतो. पण फोटो-एच (पातळ पत्र्यातून कोरलेले बारीक भाग) आणि धातूची तोफेची नळी यांच्यावर नखाने निघतो, म्हणून मिस्टर सरफेसर १५०० चा एक पातळ हात आवश्यक धरा. व्हिनाइलचे ट्रॅक (चाकांवरचे पट्टे) असतील तर आणखी एक खबरदारी: रंगवून झाल्यावर चाकांवर चढवताना ते वाकतात आणि रंगाचे पापुद्रे उडतात. ट्रॅकवरचा रंग लेव्हलिंग थिनरमध्ये कालवलेला असेल तर तो जास्त चिवट धरतो. चाकांच्या रबरी कडांना एक्सएफ-८५ (रबर ब्लॅक) पुरे, निखळ काळा नको.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात या रंगाचं वागणं बदलतं. हवा फार दमट असली की थिनर उडताना थंड पडलेल्या थरावर बाष्प जमतं आणि मॅट रंगावर पांढरट छटा येते. लॅकर थिनरने पातळ केलेल्या रंगात आणि मॅट वार्निशमध्ये हे जास्त दिसतं. लेव्हलिंग थिनरमध्ये वाळणं लांबवणारा घटक असल्याने तो साध्या लॅकर थिनरपेक्षा कमी फसवतो. पांढरट छटा आलीच तर कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत नुसत्या लेव्हलिंग थिनरचा दुरून हलका फवारा मारा, बऱ्याचदा निघते. कॉम्प्रेसरचा मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) जुलैत कामाच्या आधी आणि मध्येही रिकामा करायचा. नाहीतर पाण्याचा एक थेंब नेमका टरेटच्या पुढच्या भागावर उडतो. पांढरेपणाचं दुसरं कारण आपल्याच हाताचं असतं: मॅट करण्यासाठी एक्स-२१ फ्लॅट बेस ढिगाने टाकणं. रंगाच्या दहाव्या हिश्शापुढे गेलात तर दहिवर पडल्यासारखं दिसतं.

आता थरांचा क्रम, कारण बहुतेक मॉडेल बिघडतात ते इथेच. बेसकोट एक दिवस वाळू द्यायचा. मग डिकलसाठी (खुणा-आकड्यांच्या चिकटचित्रांसाठी) एक्स-२२ क्लिअरचा चकचकीत थर, डिकल आणि ते मऊ करून बसवणारा सॉफ्टनर, वाळल्यावर पुन्हा एक्स-२२ चा पातळ हात. त्यावर एनॅमल वॉश. तामियाचा पॅनेल लाइन ॲक्सेंट कलर रिव्हेट आणि वेल्डच्या कडेने छान पळतो, जादा झालेला एनॅमल थिनरमध्ये बुडवून निपटलेल्या ब्रशने काढता येतो, आणि एनॅमल थिनर खालच्या ॲक्रिलिकला सहसा त्रास देत नाही. मात्र रंग नसलेल्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण देऊन चिकटवलेल्या सांध्यात, हा वॉश शिरला की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. अर्धवट रंगवलेल्या सस्पेन्शनवर वॉश ओतून दुसऱ्या दिवशी चाक हातात येतं, ते यामुळे.

मेइक्टिला ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातलं. तिथल्या रणगाड्यावर चिखलापेक्षा फिकट, वाळूमिश्रित धूळ शोभते. एक्सएफ-५७ मध्ये चिमूटभर एक्सएफ-५२ (फ्लॅट अर्थ), १ भाग रंगाला ६ भाग आयपीए, कमी दाबाने हलचा खालचा भाग, बोगी आणि फेंडरच्या खाली. दिसेल न दिसेल असे दोन-तीन हात. मग सपाट ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करायचा आणि वरून खाली ओढायचा: रिव्हेटच्या माथ्यावरची धूळ निघते, कोपऱ्यातली राहते, पावसाच्या ओघळांच्या रेघा आपोआप उमटतात. ब्रशवाल्यांना छळणारा गुण इथे हत्यार होतो.

पण एक अट आहे. धूळ सोडवणारं अल्कोहोल खालचा ऑलिव्ह ड्रॅबही सोडवतं, आणि एक्स-२२ देखील, कारण तोही त्याच कुळातला. म्हणून वॉश पूर्ण वाळल्यावर आणि धुळीच्या आधी मध्ये लॅकरचा, म्हणजे अल्कोहोलने सहज न सुटणारा, थर हवा. तामियाच्याच एलपी मालिकेतला एलपी-९ क्लिअर किंवा एलपी-२३ फ्लॅट क्लिअर चालतो. तोही ओला, जाड मारायचा नाही, कारण लॅकर खालच्या थरांना चावू शकतो. दुरून दोन कोरडे फवारे, दहा मिनिटांनी एक पूर्ण हात. हे टाळून धूळ घासायला घेतली की ब्रशवर आधी तपकिरी येतं, मग हिरवं, मग प्राइमरचं करडं.

हेअरस्प्रेने रंगाचे टवके काढण्याच्या तंत्रात (खाली हेअरस्प्रे, वर रंग, मग कोमट पाण्याने वरचा रंग उचकटणं) मात्र उलटं वागायचं. हेअरस्प्रेवरचा रंग लेव्हलिंग थिनरमध्ये कालवला तर तो इतका घट्ट बसतो की कोमट पाणी आत जातच नाही. तिथे एक्स-२०ए किंवा चक्क पाणी वापरा आणि तासाभरात टवके काढून मोकळे व्हा. तसंही जेमतेम वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या शर्मनवर गंजाचे नकाशे काढायची गरज नाही. हॅचच्या कडा आणि क्रू चढतो ती जागा, बस.

संदर्भासाठी खरे रणगाडे बघायचे तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. वेल्डचा उठाव, ओतीव टरेटचा खरखरीतपणा, बोल्टच्या जागा यासाठी जरूर जावं. रंगाचा नमुना मात्र तिथून घेऊ नये. उघड्यावर मांडलेल्या गाड्या प्रदर्शनासाठी पुन्हा रंगवल्या जातात.

खरेदीचं म्हणाल तर पहिल्या रणगाड्याला एक्सएफ-६२, एक्सएफ-६०, एक्सएफ-५७, एक्सएफ-५२, एक्सएफ-८५ आणि एक्स-२२ एवढ्यात भागतं. १० मिलीच्या बाटलीत एक १/३५ शर्मन आरामात होतो, वर थोडा रंग उरतो. २३ मिलीची मोठी बाटली मिळाली तर फक्त ऑलिव्ह ड्रॅबची घ्या. थिनर मात्र मोठाच घ्यावा, रंगापेक्षा तोच आधी संपतो, आणि ज्वलनशील असल्याने बरीच दुकानं तो विमानाने पाठवत नाहीत, त्यामुळे ऑर्डर आठवडाभर आधी टाका. बाटली हलवू नका, काडीने तळापासून ढवळा. हलवली की झाकणाच्या आट्यांत रंग शिरतो आणि पुढच्या वेळी ती पकडीने उघडावी लागते. बंद करण्याआधी काचेची कड टिश्यूने पुसा. झाकण अडकलंच तर बाटली उलटी करून कोमट पाण्यात झाकणापुरती बुडवून ठेवा, मग फिरवा.