निजामाच्या रेल्वेचं घड्याळ आणि माझे 28,500 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर जीभ रेटणार नाही. 28,500 रुपये. त्यातले 18,500 फोनवरून गेले, 10,000 रोख. हातात जे घड्याळ आलं त्याची किंमत संभाजीनगरच्या शहागंजातल्या घड्याळजींनी केली सातशे, तीही मशीन चालू आहे म्हणून.

मी परभणीचा. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. हे सांगायची लाज का वाटते ते पुढे कळेलच.

17 सप्टेंबर 2024 ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात मी निजाम स्टेट रेल्वेवर बोललो. मनमाड-सिकंदराबादची मीटरगेज, 1930 मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली ते, हैदराबाद संस्थानावरची 1948 ची पोलीस कारवाई आणि 1951 मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली ते. टाळ्या वाजल्या. चहा घेताना चाळिशीतला एक माणूस जवळ आला, वाकून पाया पडला. "सर, माझे आजोबा पुर्ण्याला रेल्वे इंजिनावर फायरमन होते. तुमचं भाषण ऐकताना डोळ्यात पाणी आलं बगा. त्यांना साहेबांनी बक्षीस दिलेलं घड्याळ घरी पडून आहे." विकायचं नावही त्याने काढलं नाही. नंबर मीच मागितला. मीच!

दोन दिवसांनी फोटो आले. क्रीम रंगाची डायल, वर 'वेस्ट एंड वॉच कंपनी', त्याखाली बारीक अक्षरांत 'एन. एस. आर.', म्हणजे निजाम स्टेट रेल्वे. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्याला हे नाव सांगावं लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बनलेली ही घड्याळं मुंबई आणि कलकत्त्यातून विकली जायची, लष्करात आणि रेल्वेत वापरली जायची. त्यावर आपल्या रेल्वेची अक्षरं! माझा हात थरथरला. मागणी 45,000 ची. लेकीची ॲडमिशन अडली आहे, पितृपंधरवड्यात आजोबाची वस्तू विकायला जीव होत नाही, पण इलाज नाही, वगैरे. बायको म्हणाली, "अहो, पितृपंधरवड्यात कुणी खरेदी करतं का?" मी म्हणालो, जुन्या वस्तूला नवी खरेदी म्हणत नाहीत. त्या उत्तरावर मी खूशही झालो होतो.

मी अगदीच नवखा नव्हतो, हे सांगितलं पाहिजे. याआधी तीन घड्याळं घेतली आहेत. एचएमटी जनता 1,100 ला, पायलट 2,400 ला आणि एक बंद पडलेलं जपानी ऑटोमॅटिक 900 ला. तिन्ही अस्सल. त्यामुळे डोक्यात हवा होती. 45,000 वरून घासाघीस करत 28,500 वर आणलं, तेव्हा वाटलं की बिचाऱ्याला मीच लुबाडतोय. घासाघिशीने वस्तू खरी होत नाही हो! भाव पडला की आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं आणि मग वस्तूकडे बघायचं राहून जातं. 21 तारखेला 5,000 इसार फोनवरून पाठवला.

24 तारखेला परभणी स्टेशनवर भेट ठरली. जागा त्याने निवडली. म्हणे रेल्वेचं घड्याळ रेल्वेतच हातात देतो. मला ते फार भावलं.

आता तो क्षण. रोज रात्री तो डोळ्यासमोर येतो. मी चष्मा वर करून डायल जवळ घेतली. सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, बारीक अक्षरं होती: 'टी स्विस मेड टी'. मी ती पाहिली. नुसती पाहिली नाहीत, विचारलं: "हे टी काय आहे?" तो म्हणाला, "ट्रेन, सर. रेल्वेच्या घड्याळाला असतंय तसं." आणि मी मान डोलावली.

ते टी म्हणजे ट्रिटियम. काटे-आकडे अंधारात चमकावेत म्हणून आधी रेडियमचा लेप लावत, नंतर त्याच्या जागी ट्रिटियम आलं, आणि ही दोन टी डायलवर दिसू लागली ती 1960 च्या दशकात. म्हणजे एकाच डायलवर वर 1951 ला संपलेली रेल्वे आणि खाली तिच्यानंतर दहा-बारा वर्षांनी आलेली खूण. जन्माआधीच बारसं. ट्रिटियमचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण एकतीस वर्षं पोरांना 'साधन कोणत्या काळातलं ते आधी तपासा' असं सांगणाऱ्या माणसाला, जे अक्षर कळत नाही त्याचा अर्थ विकणाऱ्यालाच विचारावासा वाटावा?

वर त्याने ओंजळीत अंधार करून दाखवलं, "बगा, अजून चमकायलंय." हिरवंगार चमकत होतं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी नंतर कपाळाला हात लावला. ट्रिटियम साधारण बारा वर्षांत निम्मं होतं. साठ वर्षांनी त्यात राहणार काय? ज्या जुन्या घड्याळाचे काटे नव्यासारखे चमकतात त्यांना लेप कालपरवा लागलेला असतो. काट्यांवरचा लेप हिरवा आणि आकड्यांवरचा पिवळट असेल तरीही संशय घ्या.

13,500 फोनवरून आणि 10,000 रोख दिले. रोख त्याने मागितले, "बँकेत कर्जाचा हप्ता कटतो" म्हणून. पावती मागायची मला लाज वाटली. पाया पडलेल्या माणसाकडे पावती कशी मागायची? मागा. पाया पडणाऱ्याकडे तर आधी मागा.

मागचं झाकण उघडून पाहायचा विषय मी काढला होता, हेही नोंदवतो. तो म्हणाला, आजोबाच्या हातानंतर कुणी उघडलं नाही, तुम्ही घरी निवांत उघडा. गाडीची वेळ झाली होती. पैसे देण्याआधी झाकण उघडू देत नसेल तर तिथूनच उठा, कुणाचे का आजोबा असेनात.

28 तारखेला शहागंजात गेलो. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ बसणाऱ्या चाचांनी भिंग लावलं, झाकण काढलं आणि हसले. "मास्टरसाब, ये तो अपनी एचएमटी है." आत मशीनवर स्वच्छ कोरलेलं: एचएमटी, 17 ज्वेल्स. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीचा बेंगळुरूचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला 1961 ला. फायरमन आजोबांना बक्षीस मिळालं म्हणे 1946 ला. पुढचं त्यांनी न विचारता दाखवलं. भिंगाखाली डायलवरची शाई जाड, कडा फुटलेल्या, 'एस' अक्षर डावीकडे कललेलं. मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे दुसऱ्याच घड्याळाचा. चावीवर कसलीही खूण नाही. आणि झाकणाच्या आत एकही ओरखडा नाही. घड्याळजी दुरुस्ती केली की आत बारीक तारीख कोरून ठेवतात. ऐंशी वर्षांच्या घड्याळात अशा तीन-चार तरी सापडायला हव्यात.

त्याला तिथूनच फोन लावला. उचलला! मी रस्त्यात उभा राहून ओरडलो, ते टी साठच्या दशकातले आहेत, मूर्ख समजतोस का, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग फोन कट, नंबर बंद.

पोलीस ठाण्यात 30 तारखेला गेलो. साहेब नाहीत. 3 ऑक्टोबरला गेलो, नवरात्राचा बंदोबस्त. 7 तारखेला हवालदार भेटले. तक्रार वाचली, घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "चालू आहे की सर. मग फसवणूक कशी?" चालू आहे! मी म्हणालो, चारशे वीसचा गुन्हा आहे. तर म्हणे, "चारशे वीस आता राहिलं नाही, कायदा बदलला." बदलला आहे, 1 जुलै 2024 पासून, आणि फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे. हे वकिलाकडून शिकून मी 9 तारखेला पुन्हा गेलो. मग म्हणे, तुम्ही बघून घेतलं, हा दिवाणी मामला. शेजारचा शिपाई विचारत होता, हे केवढ्याला देता. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. दुसऱ्या वकिलाने सांगितलं की तो व्यापारी नाही, एकदा वस्तू विकणारा खासगी माणूस, ग्राहक आयोगात टिकायचं नाही. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली अधीक्षकांकडे टपालाने अर्ज करता येतो. रजिस्टर केला. 67 रुपये. पोचपावती आली, दुसरं काही नाही. निवृत्त माणसाच्या वेळेला किंमत नसते हे कळायला ठाण्याच्या चार फेऱ्या लागल्या.

फोनवरून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनच्या नंबरवर त्याच दिवशी फोन करा. मी आधी भाच्याला, मग मुलाला, मग देवाला सांगत बसलो.

मुलगा पुण्याहून म्हणाला, बाबा, हौसेची किंमत समजा. हौसेला 28,500 कशाला, पायलट आली असती अकरा.

दसऱ्याच्या दिवशी नांदेडच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी मला फोटो पाठवला. माझं मत हवं होतं. क्रीम डायल, 'एन. एस. आर.', तेच डावीकडे कललेलं 'एस'. किंमत 40,000. आजोबा पुर्ण्याला फायरमन. मी फोटो मोठा करून सहाच्या आकड्याखाली पाहिलं. नुसतं 'स्विस मेड' होतं. दोन्ही टी पुसलेले.